खलबत्त्याचं चित्र

अहो, तुमचं चित्र आलं आहे. आपण दोघांनी गोळा केलेल्यांपैकी नव्हे, तुमचंच. वाचनालय समितीचे अध्यक्ष, वकीलसाहेब, मागच्या आठवड्यात अमरावतीहून स्वतः दाखवायला घेऊन आले. जुन्या धोतरात गुंडाळलेलं, वरून सुतळी. मी ते सोडलं आणि भिंतीला टेकवून ठेवलं. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या माणसाकडून करवून घेतलंय म्हणे. कोट बरोबर आहे, टाय बरोबर आहे, कपाळावरची आठीसुद्धा साधली आहे. पण तुम्हाला गोरं करून टाकलंय, बाप्पा. उन्हात उभं राहून तुम्ही गावोगावी पाण्याच्या टाक्या बांधल्या, त्या उन्हाचा रंग त्या माणसाच्या डबीत नव्हता की काय कोण जाणे. लता म्हणाली, "आई, मोठ्या माणसांना असंच काढतात." मी म्हटलं, मी ज्याच्याशी संसार केला तो काळा होता. हा कोण पाहुणा आहे ते तूच विचार.

वकीलसाहेब चहा पिता पिता मुद्द्यावर आले. अमरावतीच्या चित्रदालनात, दारासमोरच्या भिंतीवर, आत पाऊल टाकल्याबरोबर नजर जाते त्या जागी तुम्हाला लावायचं ठरलंय. येत्या पौर्णिमेला समारंभ. पण त्या जागेवर सध्या जे आहे ते काढावं लागेल. "तसंही ते खालून डागाळलंय, वहिनी," ते म्हणाले. "आणि साहेबांकडून ऐकून होतो की तुमचा त्यात जीव होता. समितीने ठरवलंय, ते तुम्हाला मानाने परत करायचं. तुम्ही फक्त हो म्हणायची खोटी."

कोणतं चित्र ते तुम्हाला कळलं असेलच. खलबत्त्याचं. माझं.

ज्या चित्रापायी मी तुमच्याशी इतकी वर्षं भांडले ते असं आपसूक दारात चालून आलं, आणि भांडायला तुम्ही घरात नाही. मला तिथल्या तिथे हो म्हणता आलं असतं. लता तर मला कोपराने ढोसत होती. मी म्हटलं, सांगते विचार करून. ते गेले आणि मी बैठकीतल्या त्या रिकाम्या खिळ्याकडे पाहत बसले. तो खिळा तिथे कशासाठी आहे हे तुम्हाला आणि मलाच माहीत होतं. आता एकटीलाच माहीत आहे.

तुम्ही शिष्यवृत्तीवर लंडनला गेलात, इंजिनिअर झालात, मग तिथेच पाणीपुरवठ्याच्या एका कंपनीत नोकरी धरलीत आणि मला बोलावून घेतलंत. तेल्हाऱ्याहून निघताना माझ्या मायने ट्रंकेत लोखंडी खलबत्ता टाकला. तिला वाटलं, परमुलखात पोरगी तिखट कशात कुटेल. बोटीवरच्या हमालाने ती ट्रंक उचलली आणि जी शिवी हासडली, ती मी शिकलेली पहिली इंग्रजी. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही धक्क्यावर उभ्या उभ्या इतके हसलात की एक गोरा पोलीस वळून पाहायला लागला. माणूस परदेशात हसतो कसा याचं मला तेव्हा नवल वाटलं होतं. मी तर रडण्याच्या तयारीने आले होते.

लंडनच्या त्या घरात सगळ्या बिऱ्हाडांना मिळून एकच स्वयंपाकघर. लढाई संपून इतके दिवस झाले तरी साखर मोजून, लोणी मोजून, मटण तर विचारूच नका. मी तिखट कुटायला घेतलं की घरभर ठसका उठायचा आणि घरमालकीण दार आपटायची. पण वरच्या माळ्यावरची मिस हार्पर मात्र खाली यायची. केस विस्कटलेले, बाह्यांना रंग, पोट खपाटीला गेलेलं. एकदा वरणभात वाढला तर ताट पुसून खाल्लं बिचारीने. मग ती तिच्यासारख्याच उपाशी चित्रकार मैत्रिणी-मित्रांना घेऊन यायला लागली. जेवणाचे पैसे देऊ लागली तर तुम्ही घेईनात, म्हणून मग एक दिवस काखेत चित्र घेऊन आली. आपल्या घरात आलेलं ते पहिलं चित्र, निष्पर्ण झाडांचं. मी म्हटलं, ही तर आपल्याकडच्या उन्हाळ्यातली बाभूळ दिसते. तुम्ही म्हणालात, म्हणूनच घेऊ.

तिथून आपल्याला ते वेड लागलं. मी लॉन्ड्रीत दिवसभर चादरींना इस्त्री करायचे, तुम्ही कंपनीत. शनिवारी दुपारी लोक कोट घ्यायला, सिनेमाला जायचे, आपण चर्चच्या हॉलमधून नाहीतर आर्ट स्कूलच्या पडवीत नव्या पोरांची चित्रं पाहत हिंडायचो. त्यांची नावं त्यांच्या गल्लीबाहेर कोणाला ठाऊक नव्हती. नियम एकच होता, दोघांना आवडलं तरच घ्यायचं. तुम्ही लांब उभे राहून पाहायचे, मी नाक टेकवून. तुम्हाला कारखान्यांची धुराडी आवडायची, बॉम्ब पडून उघडी पडलेली घरं आवडायची. मला माणसं आणि वस्तू. काळे चौकोन आणि मधे एक लाल ठिपका, त्या चित्रावरून तर आपला अबोला झाला होता. मी विचारलं, हे काय आहे? तुम्ही म्हणालात, काही नाही, रंग आहे. मी म्हटलं, काही नाही तर मग घरी नेऊन राहिले काहून? साहेबांच्या बायकांमध्ये वावरून मी पुढे शुद्ध बोलायला शिकले, पण राग आला की माझी बोली अशी आपोआप बाहेर येते. तुम्हाला तेव्हा हसू यायचं आणि मला आणखी राग.

एका रविवारी मी हळद कुटत होते. दार वाजलं म्हणून उठून गेले. परत आले तर मिस हार्पर माझ्या टेबलासमोर रंगाची पेटी मांडून बसलेली. मला म्हणाली, हात लावू नको कशाला. त्या दिवशी दुपारी जेवण झालंच नाही. संध्याकाळी तिने कागद फिरवून दाखवला. दुधाची बाटली, दोन बटाटे, किटली, आणि पुढे टेबलाच्या कडेला माझा खलबत्ता, आत बत्ता तिरका टेकलेला. तेल्हाऱ्याचा खलबत्ता एका गोऱ्या बाईने किती मायेने काढला होता. मी विचारलं, यात मी कुठे आहे? ती म्हणाली, तू आत्ताच उठून गेली आहेस.

तुम्ही पुढे मला कितीदा म्हणालात, "अगं, खरा खलबत्ता तर तुझ्याजवळ आहे, चित्र कशाला हवं?" मी तेव्हा नीट सांगू शकले नाही. आता ऐका. खऱ्यात मी कुटते. माझी माय कुटत होती, तिची माय कुटत होती, दुसऱ्यांच्या घरचंही कुटत होती. त्या चित्रातली बाई काम टाकून उठली आहे, आणि तिला कोणी हाक मारत नाही. घरात एक जागा अशी हवी होती मला, जिथे मी उठून गेलेली आहे.

परत येताना सगळी चित्रं माझ्या लुगड्यांमध्ये गुंडाळून आणली. अमरावतीला सरकारी क्वार्टरमध्ये लावली तेव्हा तुमच्या ऑफिसातला एक जण काळ्या चौकोनांपुढे बराच वेळ उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हे उलटं तर नाही लागलं?" तुम्ही गंभीर तोंडाने ते काढून खरंच उलटं लावून दाखवलंत आणि विचारलंत, आता? तो म्हणाला, आता बरं दिसतं. महिनाभर ते तसंच होतं. त्या दिवसांत आपण सुखी होतो, हे तेव्हा कोणी सांगायला हवं होतं.

मग आपण नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. कोनाड्यातले देव नदीत सोडले. घर धुऊन काढलं. मला वाटलं, आता भिंती मोकळ्या झाल्या, सगळी चित्रं नीट मांडू. आणि तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "सुभद्रे, ही चित्रं देऊन टाकू. नगरपालिकेला. वाचनालयाच्या वरचा हॉल रिकामा आहे."

तुमच्या गावची, भातकुलीची ती गोष्ट तुम्ही मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलीत. पाटलाच्या बैठकीत जहाजाचं एक चित्र होतं. तुमची आई भाकरीसाठी अंगणाबाहेर थांबायची तेव्हा तुम्ही रस्त्यावरून खिडकीतून ते पाहायचे. खिडकीतून जहाजाचा मागचा अर्धाच भाग दिसायचा. पुढचा अर्धा पाहायचा तर आत जावं लागलं असतं, आणि आत जायची सोय नव्हती. "त्या जहाजाचं तोंड कसं होतं ते मला अजून माहीत नाही," तुम्ही म्हणालात. "कोणालाही आत येऊन अख्खं चित्र पाहता यावं, एवढंच करायचंय. नाव नको, फोटो नको. बाजाराच्या दिवशी दार उघडं ठेवायचं आणि कोणाला हटकायचं नाही."

मी नाही म्हटलं नव्हतं. हे तुम्ही लोकांना कधी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. मी म्हटलं, देऊ. सगळी देऊ. एक ठेवू. तुम्ही भाकर तशीच टाकलीत. "चांगलं आधी काढून ठेवायचं अन् उरलेलं लोकांच्या पदरात टाकायचं, हे मी लहानपणी खाल्लेलं आहे. शिळं मी कोणाला वाढणार नाही." मी म्हटलं, "शिळं तुमच्या मायने खाल्लं तसं माझ्याही मायने खाल्लं. म्हणूनच म्हणते, एक तरी ताजा घास आपल्या घरात राहू द्या. आपल्या दोघांच्या खानदानात भिंतीवर टांगावं असं पहिल्यांदा काही आलंय." दुसऱ्या दिवशी उत्तर न देताच तुम्ही ते टांग्यात घालून नेलंत. तुमचं म्हणणं खरं होतं, अहो. पण माझंही खरं होतं, आणि माझं खरं टांग्यात बसून गेलं.

उद्घाटनाचा दिवस आठवतो का? वाचनालयाचा शिपाई गुलाबराव, भला माणूस. सरकारी भिंतीवर काचेची चौकट लागली म्हणजे तिला हार पाहिजे, एवढंच त्याला माहीत. आणि काहून माहीत नसावं, आपण सगळे तेच तर करतो. इतवाऱ्याच्या बाजारातून स्वतः जाऊन झेंडूचे हार आणले, ताजे राहावेत म्हणून पाण्यात बुचकळले, आणि एकूणएक चित्राला घातले. धुराड्यांना हार. निष्पर्ण झाडांना हार. काळ्या चौकोनांना हार. वर्तमानपत्र वाचणाऱ्या त्या लाल केसांच्या पोरीला हार पाहून तुम्ही म्हणालात, "अरे गुलाबराव, ही जिवंत आहे. लंडनला आहे." त्याचा चेहराच उतरला. गडबडीने हार काढला आणि चित्रापुढे हात जोडून म्हणाला, "माफ कर माय, मले माईत नव्हतं." सगळा हॉल हसला. तुम्ही तर डोळे पुसत होतात.

मी हसले नाही, कारण मी माझ्या चित्राजवळ उभी होते. ओल्या हाराचं पाणी काचेवरून ओघळून खाली चौकटीत उतरत होतं. चौकटवाल्याने मागून कागद नीट चिकटवलेला नव्हता. बघता बघता खालून पाणी चढलं आणि टेबलाच्या कडेला, खलबत्त्याशेजारी, झेंडूचा पिवळा डाग पसरला. मी तुमचा हात धरून दाखवला. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "राहू दे. अमरावतीचं पाणी लागलं त्याला." पाण्याचे इंजिनिअर तुम्ही, तुम्हाला तेवढंच सुचलं. मी म्हटलं, "दिलं ना तुमी जनतेले? घ्या आता." आणि जिना उतरून एकटी घरी आले. त्या जिन्यावर मी पुन्हा पाय ठेवला नाही.

पुढे अकोल्याला बदली झाली, आपण हे घर बांधलं. पहिल्याच दिवशी मी तुमच्या वेताच्या खुर्चीच्या वर तो खिळा ठोकला. कशाला, विचारलंत. माझ्या चित्रासाठी. रंगसफेदी करणारे दर वेळी तो उपटू का म्हणून विचारायचे, मी हात लावू दिला नाही. त्यावर कॅलेंडर नको, छत्री नको, लताचं शाळेतलं प्रशस्तिपत्रकसुद्धा नको. तुम्ही त्याच्या खाली बसून पेपर वाचायचे आणि दर महिन्याला बडनेऱ्याची गाडी धरून अमरावतीला जायचे. म्हणायचे, ऑफिसचं काम आहे. ऑफिसचं काम इतवारी कसं निघतं, हे न कळण्याइतकी मी खुळी नव्हते.

एकदा परत आलात ते हसतच. टोपी काढता काढता म्हणालात, "सुभद्रे, आज एक गंमत ऐकली. त्या तुझ्या चित्रापुढे..." मी म्हटलं, माझं कशाचं आता? माझ्यापुढे त्याचं नाव काढू नका. आणि चुलीवरचं दूध उतरवायला आत गेले. दूध उतू जात नव्हतं. बाहेर आले तेव्हा तुम्ही पेपर उघडला होता. तुमची ती सवय मला कधी आवडली नाही, एकदा कोणी दार लोटलं की तुम्ही पुन्हा ठोठावायचे नाही. मी तशी नाही, मला पुन्हा विचारलं असतं तर मी ऐकलं असतं. फुगून बसून, पण ऐकलं असतं.

तुम्ही गेलात त्या सकाळीही खुर्चीत होतात. मी आतून बोलत होते, स्टोव्हची पिन सापडत नाही, लताला पैसे पाठवायचे आहेत, असलंच काहीबाही. तुम्ही हं म्हणत नव्हतात. मला वाटलं रागावलात. चहा घेऊन बाहेर आले तेव्हा पेपर मांडीवर होता. महिना होत आला त्याला. माणसं येतात, बसतात, साहेब देवमाणूस होते म्हणतात. मला तुमचा राग येतो. असं न सांगता उठून जायचं असतं का कोणी?

तर रविवारी मी अमरावतीला गेले. लताला सांगितलं चित्र पाहून येते, कसं आणायचं ते ठरवते. खरंच तसंच मनात होतं. परत आणायचं, खिळ्यावर लावायचं, आणि तुमच्या त्या गोऱ्या जुळ्या भावाला तिथे काय करायचं ते करू द्यायचं. सरकारी भिंतीवर फोटो नको हे तुमचं म्हणणं होतं, माझं नव्हतं. तुम्ही माझं ऐकलं नव्हतंत, मी तुमचं काहून ऐकावं?

गुलाबराव आता थकलाय. मला पाहून उठला, डोळ्यांना पंचा लावला. जिन्याखाली भाजीच्या रिकाम्या टोपल्या एकात एक घालून ठेवलेल्या होत्या. वर हॉल गार होता. धुराडी जागेवर होती, लाल केसांची पोरगी अजून तोच पेपर वाचत होती. काळे चौकोन उलटेच लागलेत, तुम्हाला माहीत होतं का? आणि दारासमोर माझं टेबल. मी जवळ जाणार तेवढ्यात दोन बायका माझ्या बाजूने पुढे गेल्या. एक म्हातारी, एक तिची सून असावी, नवी. पायात काही नाही, पायाला बाजाराची माती. त्यांनी इकडे तिकडे पाहिलंच नाही. सरळ त्या चित्रापुढे जाऊन फरशीवर पाय पसरून बसल्या. आपल्या घरची बैठक असल्यागत.

सून म्हणाली, "कोणाचं घर हाये हे, मामी?"

"कोणाले माईत. इकडचीच कोणी असन. खल पाय ना, आपल्यासारखाच हाये."

"मंग बाई दिसत काहून नाई?"

म्हातारीने बोटाने तो पिवळा डाग दाखवला. "हयद कुटून राहिली होती. सांडली पाय तिची. कोणी बलावलं असन, उठून गेली. येईन आता." मग स्वतःशीच हसली. "मी दर इतवारी पायते. अजून नाई आली."

अहो, मी त्यांच्या मागे उभी होते. आले बाई, आले, असं माझ्या ओठावर आलं होतं. मीही तिथेच भिंतीला टेकून बसले. तो डाग हळदीचा. मी त्या दिवशी खरंच हळद कुटत होते. मिस हार्परच्या रंगात ती हळद नव्हती, गुलाबरावच्या हाराने ती आणून टाकली, आणि कुठल्याशा गावच्या म्हातारीने ती ओळखली. इतकी वर्षं मी ज्याला चित्राचा सत्यानाश म्हणत होते, तेवढ्यावरून त्या बाईला ते घर आपलं वाटत होतं.

बायका गेल्यावर गुलाबराव माठातलं पाणी घेऊन आला. म्हणाला, "साहेब येत ना, तवा अठीच बसत, तुमी बसल्या तिथं. त्या म्हाताऱ्या बाईचं ऐकत अन् हसत. एक डाव मले म्हणे, गुलाबराव, हे घरी सांगून पाहतो."

तुम्ही सांगून पाहिलंत. मी दूध उतरवायला गेले.

मी तिथे पुष्कळ वेळ रडले. गुलाबरावने कोणाला हॉलमध्ये येऊ दिलं नाही, म्हणजे तुमची अट त्याने तेवढ्यापुरती मोडली. मग मी डोळे पुसले आणि विचार केला. चित्र घरी नेलं तर पुढच्या इतवारी ती म्हातारी येईल. टेबलाच्या जागी तिला टायवाला एक गोरा साहेब दिसेल, गळ्यात हार घातलेला. ती काय करील? लांबून हात जोडील आणि उतरून जाईल. हार घातलेल्या माणसापुढे बाया पाय पसरून बसत नाहीत.

तशीच वकीलसाहेबांकडे गेले. म्हटलं, यांची तसबीर तिथे लागणार नाही, चित्र जिथे आहे तिथेच राहील. ते म्हणाले, "वहिनी, समारंभ ठरलाय, पाहुणे ठरलेत." मग माझी बोली सुटली. "ठरला असन. यांनी देताना सांगितलं होतं, नाव नको, फोटो नको, दार उघडं पायजे. तुमी दार तेवढं ठेवलं अन् बाकीचं मोडून राहिले." ते वरमले, मग थोडे चिडलेही. म्हणाले, समितीपुढे ठेवतो, माझ्या एकट्याच्या हातात नाही. त्या जागेवर आणखी पुढे कोण कोण टांगलं जाईल याची खात्री मला नाही, आणि मी काही रोज अमरावतीला पहाऱ्याला बसू शकत नाही. उठताना ते समजुतीने म्हणाले, "बरं, तसबीर नको तर नको. पण चित्र तरी न्या तुमचं. कोणी काही म्हणणार नाही."

तेव्हा नाही म्हणणं फार जड गेलं. नाही म्हटलं, आणि तिथे त्यांच्या बैठकीत पुन्हा डोळ्यांना पाणी आलं. त्यांना वाटलं तुमची आठवण झाली. खरं सांगते, ते रडू तुमच्यासाठी नव्हतं, चित्रासाठी होतं.

लता माझ्याशी बोलत नाही. म्हणते, बाबांचा मान घालवलास आणि चित्रही घालवलंस. तिला समजावायची माझ्यात ताकद नाही. तुम्हीच असतात तर जेवता जेवता तिला काहीतरी सांगितलं असतंत, आणि तिने ऐकलं असतं.

आणि भांडण मिटलं असं समजू नका. तुम्ही न विचारता नेलंत, ते मी विसरलेले नाही. आता मी स्वतः दिलं, एवढाच फरक. खलबत्ता स्वयंपाकघरात आहे. काल त्यात हळद कुटली, मुद्दाम.

तुमची तसबीर किती दिवस भिंतीला टेकवून ठेवणार, पोरंसोरं पाय लावतील. म्हणून आज सकाळी स्टुलावर चढून ती खिळ्यावर लावली. हार घातला नाही. ओल्या फुलांचं पाणी कुठे उतरतं ते मी पाहिलेलं आहे. शेजारच्या बाई आल्या, खिळा भरलेला पाहून म्हणाल्या, किती शोभतंय. तुमची वेताची खुर्ची तिथेच खाली आहे, पेपरही घडी न मोडता त्यावर ठेवते मी. त्यांना काय सांगू? मले नाई शोभत. मले त्या खिळ्यावर चित्र पायजे होतं, अन् तुमी खाली खुर्चीत.